पाचवी ओळ

त्याचे वाचक त्याने कधी पाहिले नव्हते. त्यांना चेहरे नव्हते, भुवया नव्हत्या, आणि वाचता वाचता मान वर करून "म्हणजे काय हो?" असे विचारण्याची सवय तर मुळीच नव्हती. ते एजंट होते. माणसाने काम सांगावे आणि त्यांनी आपणहून हजारो फायली उघडून, त्यांतला कोड चाळून, बदलून ते पार पाडावे, अशा घडणीचे प्रोग्रॅम. त्यांच्या हाताशी कोड तपासणारी टूल्स दिलेली असत. एखादे चुका हुडकून काढी, एखादे कोडचा कुठला भाग कुठल्या भागाला बोलावतो याचा नकाशा मांडी. कोणते टूल केव्हा उचलायचे आणि त्याच्या सांगण्यावर कितपत विसंबायचे, हे एजंटला कळावे म्हणून प्रत्येक टूलसोबत चार ओळींचे वर्णन जोडलेले असे. ती वर्णने लिहिणे, एवढेच त्या तरुणाचे काम होते.

काम त्याच्या स्वभावाला धरून होते. ऑफिसात त्याला मौनीबाबा म्हणत, आणि त्याने ते नाव निमूटपणे स्वीकारले होते. फोन वाजू लागला की तो उचलण्याऐवजी, पाऊल न वाजवता दारामागे उभे राहावे तसा, तो थांबेपर्यंत श्वास रोखून बघत राही. लहानपणापासून त्याच्या वाटचे बोलणे ताई बोलून टाकी. मोठेपणीही दातांच्या डॉक्टरांची वेळ तिनेच घेऊन दिली होती, आणि वर डॉक्टरांनाच सांगितले होते, "माझ्या भावाला दाढेपेक्षा फोन जास्त दुखतो."

लिहिताना मात्र तो मोकळा होई. एक शब्द उचलावा, उजेडात धरावा, परत ठेवावा. घाई नाही, कुणी बघत नाही. फक्त एक गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून भिववीत आली होती. त्याचा वाचक लिहिलेले सारे खरे मानी. माणूस वाचताना अडखळतो, शंका घेतो, शेजारच्याला कोपराने ढोसून विचारतो. एजंट तसे करीत नसे. तुम्ही लिहिले की ही वाट मोकळी आहे, की तो चालू लागे. पुढे कडा असला तरी.

गेल्याच आठवड्यात त्याने एका नव्या टूलचे वर्णन लिहिले होते. ते टूल वापरात नसलेला कोड शोधीत असे. बनवणारा अंगाने इतका काटकुळा होता की सगळे त्याला पैलवान म्हणत. वर्णन चार ओळींत बसले. हे टूल कोणीही न बोलावलेला कोड शोधते, असा कोड काढून टाकण्यास हरकत नाही, कसे चालवायचे, उत्तर कसे वाचायचे. एवढे झाल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेरच्या निष्पर्ण झाडाकडे बघत बसला आणि मग त्याने पाचवी ओळ लिहिली: हे टूल फक्त या प्रकल्पाच्या आत पाहते; बाहेरचे एखादे यंत्र ज्या कोडला बोलावते तो कोड याला निरुपयोगी वाटू शकतो, म्हणून काढण्याआधी माणसाला विचारावे.

बैठकीत विभागप्रमुख मॅडमनी ती ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "नियम चार ओळींचा आहे. ही पाचवी कुठून उगवली?"

"ती मर्यादा आहे," तो पुटपुटला.

"वा रे वा!" पैलवान उसळला. "मी दोन महिने डोळे फोडून टूल बनवायचं आणि यानं त्याच्या गळ्यात पाटी अडकवायची, मला कमी दिसतं म्हणून! अरे, वर्णन लिहितोस की माफीनामा?"

सगळे हसले. तोही हसला, कारण सगळे हसत असताना एकट्याने न हसणे हेसुद्धा एक प्रकारचे बोलणेच असते.

मॅडम हसल्या नाहीत. "गरज आहे का तिची? असेल तर ठेवू. सांग."

एकच अक्षर उच्चारायचे होते. हो. आठ जण त्याच्याकडे बघत होते, आणि त्या सोळा डोळ्यांची ऊब त्याच्या कानशिलांना चटका देऊ लागली होती.

"नाही," तो म्हणाला. "तशी काही नाही."

ओळ गेली. पडद्यावर ती होती तिथे पांढरी जागा उरली, आणि पुढच्या वर्णनाने ती भरून काढली.

आज दुपारी एकच्या सुमारास तो दवाखान्यात गेला. ऑफिसपासून दहा मिनिटांची वाट होती. ताईचे बाळ एकोणीस दिवसांचे होते आणि जगात यायला त्याने दोन महिन्यांची घाई केली होती. वजन जेमतेम सव्वा किलो. म्हणूनच ताईने त्याला ढब्बूशेठ म्हणायला सुरुवात केली होती. भावजी कामानिमित्त दूर होते, शनिवारी यायचे होते. तोवर ताई दिवसभर त्या उबदार, औषधी वासाच्या खोलीत काचपेटीशेजारी स्टुलावर बसून असे.

"मामा आलाय बघा, ढब्बूशेठ," ती कुजबुजली. "रिकाम्या हातानं आलाय. लक्षात ठेवा."

काचेआड ते इवलेसे अंग मऊ दुलईत झाकलेले होते. एका पावलाला पट्टी गुंडाळलेली असे. तिच्यातला बारीक तांबडा दिवा कातडीतून रक्त वाची आणि बाळाच्या अंगात प्राणवायू किती आहे ते पेटीवरच्या पडद्याला कळवी. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या कंपनीची छोटी खूण होती. पहिल्या दिवशी ती दिसली तेव्हा त्याला उगाचच आधार वाटला होता, अनोळखी गावात आपल्या गल्लीतले कुणी भेटावे तसा.

पडद्यावर आकडा होता. शहाण्णव.

सिस्टर आतल्या खोलीतून आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सहाही पेट्यांवर एकाच वेळी नजर ठेवणाऱ्या. "तुमच्याच कंपनीचं ना हे? सकाळी नवीन काहीतरी घालून गेले. काय केलंत हो? आधी तासाला दहा वेळा बोंबलायचं, पट्टी सुटली, पट्टी सुटली. बाळानं नुसता पाय झाडला तरी कोकलायचं. आज सकाळपासून चिडीचूप! कान निवले आमचे."

"माझं काही नाही त्यात," तो संकोचून म्हणाला, आणि त्याला ते तसेच वाटत होते.

"खोटं बोलतोय, लाजरा आहे," ताई म्हणाली. "घ्या, श्रेय घ्या की जरा."

तो वीस मिनिटे बसला. ताईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे आज थोडी उजळली होती. पेटी शांत असल्याने तीही सकाळी बसल्या बसल्या तासभर झोपली होती म्हणे. तो निघताना तिने कागदाचा चिटोरा त्याच्या खिशात कोंबला. "वॉर्डातला फोन. माझा आत बंद असतो. काही लागलं तर यावर कर. सिस्टर काही चावत नाहीत." त्याने मान हलवली, आणि हा नंबर आपण कधीच फिरवणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते. जाता जाता त्याने पडद्याकडे पाहिले. शहाण्णव. किती स्वस्थ, त्याला वाटले. वारा पडलेल्या तळ्यासारखा आकडा.

ऑफिसात परतल्यावर त्याने नेहमीप्रमाणे एजंटांचे अहवाल उघडले. हा त्याचा रोजचा खाजगी नेम होता, कुणी सांगितलेला नव्हता. आपले शब्द वाचकाला कसे पोहोचले, हे समजण्याची ती एकच खिडकी होती. पहिला अहवाल दवाखान्याच्या प्रकल्पाचा होता, काल संध्याकाळचा. एजंटने नेटकेपणाने लिहिले होते: वापरात नसलेली चौदा फंक्शन्स काढली. सर्व चाचण्या यशस्वी. कारण, टूलच्या वर्णनानुसार, 'हे टूल कोणीही न बोलावलेला कोड शोधते. असा कोड काढून टाकण्यास हरकत नाही.'

आपले वाक्य असे अवतरणचिन्हांत परत आलेले पाहून त्याला क्षणभर लाजरा आनंद झाला. मग त्याने यादी वाचली. पहिले, जुन्या छपाईचे. दुसरे, तिसरे, तसलेच. सहावे होते: पट्टी सुटली आहे का ते तपासणे.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली, बोट ठेवून, लहान मुलासारखी. हे फंक्शन, म्हणजे कोडचा हा छोटा तुकडा, प्रकल्पातला कुठलाच दुसरा कोड बोलावीत नव्हता, हे खरेच होते. त्याला बोलावीत असे ती पेटी. पावलाची पट्टी सैल झाली की पेटीच बाहेरून त्याचे नाव घेऊन हाक मारी, आणि ते ओरडे. आज सकाळी नवे घातल्यापासून त्या हाकेला ओ द्यायला कुणीच उरलेले नव्हते. आणि उत्तर मिळाले नाही की पेटी काय करी? शेवटचा चांगला आकडा धरून बसे.

शहाण्णव. आत शिरताना शहाण्णव, वीस मिनिटांनी निघताना शहाण्णव.

श्वास घेणारे काहीच इतका वेळ एका आकड्यावर थांबत नाही. पंच्याण्णव होते, सत्त्याण्णव होते, खाली उतरते, वर चढते. जिवंत असण्याचा तोच तर आवाज. तो मात्र त्या मुक्या आकड्यासमोर वीस मिनिटे बसून आला होता आणि त्याने त्याला स्वस्थता म्हटले होते.

ताईचा फोन बंद. मॅडम काचेच्या खोलीत पाहुण्यांबरोबर. तो पैलवानाच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला. त्याने नुसते पडद्याकडे बोट दाखवून त्याला यादी उघडायला लावली आणि सहाव्या ओळीवर नख टेकवले.

"मग?" पैलवान म्हणाला. "टूलनं बरोबर दाखवलंय. कुणी बोलावत नाही त्याला."

"पेटी बोलावते."

"कुठली पेटी?" आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "पण चाचण्या पास झाल्या रे सगळ्या. मीच मंजुरी दिली."

"चाचण्याही आतल्याच. पैलवान, माझा भाचा आहे तिथं."

पैलवानाने एक शिवी हासडली, ती कुणाला होती हे त्यालाही ठाऊक नसावे, आणि दोन्ही हात कीबोर्डवर आपटले. "जुनं परत घालतो. वीस मिनिटं लागतील."

"वीस मिनिटं?"

"त्याच्या आत होत नाही. तू वॉर्डाला फोन कर."

"तू कर ना."

"मी हे करू का ते करू? फोन कर रे, बाबा! आत्ता!"

त्याने खिशातून चिटोरा काढला. ताईचे गोल, ठसठशीत अक्षर. आकडे त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होते. दोनदा चुकीचे बटण दाबले गेले. घंटी वाजू लागली. पहिली. दुसरी. त्याच्या मनात एक लाजिरवाणी आशा उगवली, की कुणी उचलूच नये, आणि तिच्या पाठोपाठ त्याहून मोठी भीती, की कुणी उचललेच नाही तर? चौथ्या घंटीला कुणीतरी उचलले.

"बाळांचा वॉर्ड. बोला."

तो बोलेना. ओठ हलले, आवाज आतच राहिला.

"हॅलो? कोण आहे? बोला की, ठेवू का?"

त्याने डोळे मिटले. अंधारात त्याला ती पांढरी जागा दिसली, जिथे पाचवी ओळ असायला हवी होती.

"आकड्याकडे बघू नका," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाही अनोळखी वाटला. "बाळाकडे बघा. पेटी चार. पट्टी सुटली असेल तर पडदा आता सांगत नाही."

"चार नंबर ना? उत्तम आहे. शहाण्णव दिसतंय मला इथून."

"तो जुना आकडा आहे. तो दुपारपासून हललेला नाही. दुलई काढा आणि पाय बघा. सिस्टर, पाय बघा!"

रिसीव्हर लाकडावर आदळल्याचा आवाज झाला. मग पावले. चपलांचा घाईचा फटफटाट, दूर जाणारा. काचेचे झाकण उघडल्याचा सुस्कारा. मग काहीच नाही.

त्या काहीच-नाहीमध्ये तो उभा होता. किती वेळ, ते त्याला पुढे कधीच नीट सांगता आले नाही. पलीकडे ताईचा आवाज आला, "काय झालं? सिस्टर, काय झालं?" आणि सिस्टरांचा, एकदम खाली आलेला, "बाजूला व्हा, ताई. बाजूला व्हा." कुणीतरी काहीतरी चोळीत होते. कुणीतरी "ए बाळा, ए राजा, ए," असे एका लयीत म्हणत होते. ताई आता काहीच बोलत नव्हती. त्याच्या वाटचे आयुष्यभर बोललेली ताई गप्प होती, आणि ती शांतता फोनच्या तारेतून येऊन त्याच्या कानात, छातीत, गुडघ्यांत भरत होती.

मग एक रडणे उठले. बारीक, चिरके, संतापलेले. मांजराच्या पिलाएवढे.

तो जमिनीवर बसला. खुर्ची मागेच होती, पण त्याच्या लक्षात आली नाही.

बऱ्याच वेळाने रिसीव्हर उचलला गेला. सिस्टरांना धाप लागली होती. "पट्टी दुलईत पडली होती. ओठ निळे पडायला लागले होते त्याचे. चोळल्यावर घेतला श्वास. डॉक्टर आहेत आता त्याच्यापाशी." त्या थांबल्या. "दोन नंबरचीही सुटलेली होती. ते बाळ ठीक आहे, नशिबानं. कोण बोलताय तुम्ही? चारचे मामा?"

"हो."

"मघाशी विचारलं तेव्हा म्हणालात, माझं काही नाही त्यात!"

"होतं, सिस्टर. माझंच होतं. अजून अर्धा तास एकाही पडद्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक बाळाजवळ माणूस बसवा. दुरुस्त झालं की मी स्वतः फोन करतो."

"करा," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. मग जराशा मऊ आवाजात, "तुमच्या ताई रडताहेत. म्हणताहेत, त्यानं फोन केला? त्यानं?"

वीसऐवजी सव्वीस मिनिटे लागली. पैलवानाने खुर्चीत मागे रेलून दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले तेव्हा मॅडम काचेच्या खोलीतून बाहेर आल्या होत्या आणि सारे ऐकून उभ्या होत्या. त्याने वॉर्डाला दुसरा फोन केला. सिस्टरांनी मुद्दाम एक पट्टी सोडून पाहिली. पेटी बोंबलली. ते कर्कश, हडेलहप्पी ओरडणे त्याने फोन कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकले.

"ती ओळ," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी विचारलं होतं तुला."

"विचारलं होतंत. मी नाही म्हणालो."

पैलवान काहीतरी बोलायला गेला. "मी हसलो नसतो तर..."

"तू हसलास, पण नाही मीच म्हणालो," तो म्हणाला. त्याला कुणावर रागवायचे नव्हते. रागवायला ताकद लागते, आणि त्याची सारी ताकद एका विचाराने शोषून घेतली होती. तो टेबलाशी बसला आणि वर्णन उघडले. 'काढून टाकण्यास हरकत नाही' हे शब्द त्याने पुसले. पाचवी ओळ लिहिली आणि उचलून सर्वांत वर ठेवली, पहिली. कुणी ओळी मोजल्या नाहीत.

मग त्याने तो विचार बोलून दाखवला. "हे वर्णन आठवडाभर बाहेर होतं. आणखी कुणाकुणाच्या एजंटांनी वाचलं?"

पैलवानाने नोंदी काढल्या. सात ठिकाणे. एक शीतगृह, एक लिफ्टची देखभाल करणारे, एक पाणी शुद्ध करणारा प्रकल्प. उरलेली नावे वाचताना पैलवानाचा आवाज बारीक होत गेला.

"सगळ्यांना मेल टाकते," मॅडम म्हणाल्या. "तातडीचा शेरा मारून."

"टाका. पण मेल कधी उघडतील?" तो म्हणाला. खिडकीबाहेर ऊन अजून तसेच होते; जेमतेम तीन वाजले असतील. बाहेर कुठेतरी लिफ्ट वर चढत होत्या. कुठेतरी पडद्यांवर देखणे, न हलणारे आकडे उभे होते आणि त्यांच्यापुढे बसलेल्या माणसांचे कान निवलेले होते.

त्याने यादी पुढ्यात ओढली, फोन जवळ घेतला आणि पहिला नंबर फिरवला. घंटी वाजू लागली. प्रत्येक घंटीला त्याचे काळीज तसेच वर येत होते. पलीकडे एका पुरुषाचा जाडा, झोपाळू आवाज आला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"तुम्ही मला ओळखत नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडच्या टूलचं वर्णन मी लिहिलंय, आणि ते अपुरं होतं. एवढंच सांगा, या आठवड्यात तुमच्याकडं काही गप्प झालंय का? आधी खूप वाजायचं, आणि आता वाजत नाही, असं काही?"

पलीकडचा माणूस हसायला गेला. मग थांबला. आणि आठवू लागला.